लॉबीत एलईडी व्हिडिओ वॉल: बिल्डर फुकट देतोय, मग अडचण काय?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक थ्रीडी फोटो येऊन पडला. आम्ही ठाण्यातले, नौपाड्याचे. चार मजल्यांची जुनी बिल्डिंग पाडून आता टॉवर उभा राहतोय आणि आम्ही सगळे सध्या इकडे-तिकडे भाड्याच्या घरांत आहोत. फोटोत नव्या लॉबीचं डिझाइन होतं. समोरच्या अख्ख्या भिंतीवर निळा समुद्र, त्यात पोहणारा देवमासा आणि खाली चकचकीत फरशीवर त्याचं प्रतिबिंब. खाली लिहिलं होतं, ‘डिजिटल वेलकम वॉल’.

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. माझ्या धाकट्या भावाचा मेसेज होता, ‘भारी! रील्स इथेच शूट करायच्या.’ खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं होतं. मग सेक्रेटरी काकांनी बिल्डरच्या माणसाचा मेसेज पुढे ढकलला: वॉल आमच्याकडून कॉम्प्लिमेंटरी, फक्त पझेशननंतरचा मेंटेनन्स सोसायटीचा.

ग्रुपमधला ‘कॉम्प्युटरवाला’ मी. त्यामुळे काकांचा लगेच फोन आला, ‘अरे, तू जरा बघ ना, हे काय प्रकरण आहे.’ गेले तीन आठवडे मी तेच बघतोय. सध्या मुंबई, ठाणे, पुण्यात पुनर्विकासाची लाट आहे. ब्रोशरमध्ये जिम आणि पोडियम गार्डनच्या शेजारी ही भिंत दिसायला लागली आहे. तुमच्याही घरात कधीतरी हा प्रश्न येईल आणि उत्तर द्यायला तुम्हालाच पुढे करतील, कारण घरात फोनमधलं सगळं तुम्हालाच कळतं असं समजलं जातं. म्हणून हा लेख.

तुमच्या फोनमध्ये त्या भिंतीपेक्षा जास्त पिक्सेल आहेत

आधी ही भिंत असते कशी ते बघू. व्हिडिओ वॉल हा एक मोठा टीव्ही नसतो. दिवे लावलेल्या छोट्या पाट्या जोडून ती बनते. या पाटीला मॉड्यूल म्हणतात. बाजारात सर्वात जास्त दिसणारं मॉड्यूल ३२० बाय १६० मिलीमीटरचं असतं. अशी काही मॉड्यूल एका चौकटीत बसवली की कॅबिनेट होतं आणि कॅबिनेट एकमेकांना जोडली की भिंत.

आम्हाला देऊ केलेली भिंत ३.८४ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे. म्हणजे साधारण साडेबारा फूट बाय आठ फूट. त्यात १८० मॉड्यूल बसतात. कोटेशनवर लिहिलं होतं ‘पी २.५’. यातला ‘पी’ म्हणजे पिच, एका पिक्सेलच्या मध्यापासून शेजारच्या पिक्सेलच्या मध्यापर्यंतचं अंतर. इथे ते २.५ मिलीमीटर. आता गणित करा. रुंदीत १,५३६ पिक्सेल, उंचीत ९६०. एकूण १४ लाख ७४ हजार.

तुमच्या खिशातल्या साध्या फुल एचडी प्लस फोनमध्ये १,०८० गुणिले २,४००, म्हणजे जवळजवळ २६ लाख पिक्सेल असतात. १०० चौरस फुटांच्या भिंतीपेक्षा हातातल्या फोनमध्ये पिक्सेल जास्त! हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा दोन काकांना मी चेष्टा करतोय असं वाटलं.

आता पिक्सेल कमी म्हणजे भिंत वाईट असं लगेच ठरवू नका. सगळा खेळ अंतराचा आहे. फोन आपण डोळ्यांपासून फूटभर अंतरावर धरतो, भिंत लांबून बघतो. विक्रेते एक सोपा ठोकताळा सांगतात: पिच जितके मिलीमीटर, तितके मीटर लांब उभं राहायचं. पी २.५ असेल तर अडीच मीटर. पण हा ठोकताळा विकणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे. अडीच मीटरवरून हलतं चित्र चालून जातं, मात्र ठिपके पूर्ण दिसेनासे व्हायला चांगल्या डोळ्यांच्या माणसाला साडेआठ मीटरच्या आसपास लांब जावं लागतं. आमची लॉबी दारापासून भिंतीपर्यंत सहा मीटर आहे आणि लिफ्टची वाट बघणारा माणूस भिंतीपासून दोन मीटरवर उभा असणार. थोडक्यात, देवमासा चांगला दिसेल. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही बारीक अक्षरातली नोटीस नाही.

आपल्याला यात देवनागरीचा एक जास्तीचा त्रास आहे. इंग्रजी अक्षर एका पट्टीत मावतं. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात. कमी पिक्सेलमध्ये अनुस्वार आणि काना एकमेकांत मिसळतात. त्यात काही स्वस्त कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. उपाय सोपा आहे, मजकूर आधी इमेज करून टाकायचा. पण दर नोटिशीला ते कोण करणार? सेक्रेटरी काका? नाही. मीच!

फोन काढा आणि भिंत तपासा

कोटेशनमध्ये रिफ्रेश रेट असा एक आकडा असतो: १,९२० हर्ट्झ किंवा ३,८४० हर्ट्झ. तुमच्या फोनचा १२० हर्ट्झवाला रिफ्रेश रेट आणि हा रिफ्रेश रेट एक नाहीत. एलईडी भिंतीतले सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात. एका मॉड्यूलमध्ये ६४ आडव्या ओळी असतात आणि १/३२ स्कॅन पद्धतीत एका क्षणी त्यातल्या फक्त दोनच पेटतात. ओळी इतक्या भराभर बदलतात की डोळ्याला अख्खं चित्र दिसतं. हे चक्र सेकंदाला किती वेळा पूर्ण होतं, तो हा आकडा.

डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. फोनचा सेन्सरही चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे दोघांची गती जुळली नाही की फोटोत काळे आडवे पट्टे येतात. तपासायला फोनचा कॅमेरा प्रो मोडमध्ये घ्या, शटर स्पीड १/१००० करा आणि भिंतीकडे धरा. किंवा सरळ स्लो मोशन व्हिडिओ घ्या. १,९२० वाली भिंत लगेच उघडी पडते. ३,८४० वाली बऱ्यापैकी टिकते. ऑटो मोडवर हे करू नका, फोन स्वतःच शटर सांभाळून पट्टे लपवतो. लॉबीत साखरपुड्याचे, हळदीचे फोटो निघणार आहेत. माझ्या भावाच्या रील्सही. तेव्हा हा आकडा लिहून घेतलेला बरा.

पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची चाचणी दुसरी आहे आणि ती सहसा कोणी करत नाही. शोरूममध्ये भिंत फुल ब्राइटनेसवर दाखवतात. ती मंद करायला सांगा. घरातल्या एलईडी भिंतीची कमाल प्रखरता ६०० ते १,००० निट्स असते. संध्याकाळी लॉबीत त्याच्या पाव भाग पुरतो. स्वस्त भिंत मंद केली की तिच्यातल्या छटा मरतात. संध्याकाळचं आकाश पायऱ्या-पायऱ्यांसारखं दिसतं, काळ्या भागात लालसर डाग येतात. लॉबीतली भिंत वर्षातला बहुतेक काळ मंदच चालणार असते, त्यामुळे ती मंद असताना कशी दिसते हेच बघायचं.

काचेचं प्रवेशद्वार पश्चिमेला असेल, तर दुपारी चार ते सहा या वेळात उलटी अडचण. उन्हाच्या तिरिपेत घरातली भिंत फिकट, राखाडी दिसते. आमचं दार पश्चिमेलाच आहे.

दोन वर्षांनंतरची भिंत

ब्रोशर बघून कळत नाही म्हणून एका शनिवारी मी जवळच्याच एका टॉवरमध्ये गेलो. तिथे अशीच भिंत बसवून दोन वर्षं झाली आहेत. टॉवरचं नाव सांगत नाही. तिथल्या मित्राने आत नेलं.

भिंतीवर ‘शुभ दीपावली’ होतं. दिवाळी होऊन बरेच महिने झाले होते. उजव्या बाजूला वर एक काळा चौकोन, म्हणजे एक मॉड्यूल गेलेलं. त्याच्या खालचं मॉड्यूल बदललेलं होतं, पण त्याचा रंग बाकीच्यांशी जुळत नव्हता. जुन्या फरशीत एकच नवी लादी बसवल्यासारखं ते उठून दिसत होतं. याला कारण आहे. एलईडी कारखान्यात तयार होतात तेव्हा प्रत्येक बॅचचा रंग आणि तेज किंचित वेगळं असतं. शिवाय जुने दिवे दोन वर्षं जळून थोडे मंद झालेले असतात. म्हणून भिंत घेतानाच त्याच बॅचची जास्तीची मॉड्यूल घेऊन ठेवायची असतात, साधारण पाच टक्के. आमच्या हिशोबाने नऊ. तिथे एकही ठेवलं नव्हतं.

वॉचमन खुर्चीवर बसला होता, भिंतीकडे पाठ करून. मी विचारलं, ‘बंद कधी करता?’

‘साहेब, अकराला करायला सांगितलंय. मी नऊलाच करतो,’ तो म्हणाला. ‘बारा तास समोर बसायचं म्हणजे डोळे जातात. आधी खुर्ची तिकडे होती, मग फिरवून घेतली.’

‘आणि तो काळा तुकडा?’

‘तो गणपतीत गेला. कंपनीचा माणूस येतो म्हणाला होता.’

लिफ्टला थांबलेल्या लोकांकडे मी दहा मिनिटं बघत उभा राहिलो. पंधरा-वीस जण आले-गेले. एका लहान मुलीने काळ्या चौकोनाला बोट लावून बघितलं. बाकी सगळे फोनमध्ये. या भिंतीचा एकमेव नियमित प्रेक्षक म्हणजे वॉचमन आणि त्याने पाठ फिरवली होती.

त्या मुलीच्या बोटावरून आठवलं. भिंतीचे दोन प्रकार मिळतात. एसएमडी प्रकारात प्रत्येक एलईडी वेगळा चिकटवलेला असतो, उघडा. कुरिअरवाल्याचा खोका, लहान मुलाची सायकल, फर्निचर नेताना लागलेला कोपरा, एवढ्याने चार-पाच एलईडी सहज निखळतात. सीओबी प्रकारात सगळे एलईडी सर्किटवर बसवून वरून पारदर्शक थर ओतलेला असतो. पृष्ठभाग गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसता येतो. किंमत जास्त असते. माणसांच्या हाताला लागणारी भिंत असेल तर सीओबी घ्या, नाहीतर खालचा तीन फुटांचा भाग सोडून वर बसवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा पावसाळाही हिशोबात धरा. एसएमडी एलईडीच्या वेष्टनात दमट हवा शिरते. वीज वाचवायला म्हणून सोसायटीने भिंत जून ते सप्टेंबर बंद ठेवली आणि गणपतीत एकदम फुल ब्राइटनेसवर चालू केली, तर एलईडी पटापट जातात. दमट दिवसांत भिंत रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावी लागते आणि बऱ्याच दिवसांनी लावताना मंद प्रकाशापासून हळूहळू वाढवावी लागते. म्हणजे ‘परवडत नसेल तर बंद ठेवू’ हा मार्गही तितकासा मोकळा नाही.

‘कॉम्प्लिमेंटरी’चा हिशोब

आता पैशांकडे येऊ, कारण खरा मुद्दा इथे आहे. बिल्डरच्या विक्रेत्याने आम्हाला भिंतीची किंमत ११ लाख सांगितली, चौकट, कंट्रोलर, बसवणं सगळं धरून. वार्षिक देखभाल करार किमतीच्या आठ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये.

विजेचं असं आहे. अशी भिंत पूर्ण पांढरी आणि पूर्ण प्रखर असेल तर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास खाते. प्रत्यक्षात चित्र रंगीत आणि मंद असतं, त्यामुळे सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी येते. आमची भिंत सव्वानऊ चौरस मीटरची. सरासरी दीड किलोवॅटच्या थोडं वर. सोळा तास चालवली तर दिवसाला २५ युनिट, महिन्याला ७५०. युनिटला सगळे आकार धरून १२ रुपये पकडले तर महिन्याचे ९,००० रुपये. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन लॉबीतच राहते. बंद लॉबीत दीड हजार वॅटचा हीटर लावल्यासारखंच ते आहे. ती उष्णता बाहेर काढायला जवळपास अर्ध्या टनाचा एसी लागेल, त्याचं बिल मी यात धरलेलंच नाही.

वर्षाचे वीज १,०८,००० आणि करार ८८,०००. नव्या टॉवरमध्ये ८० फ्लॅट. फ्लॅटमागे महिन्याला २०४ रुपये. पण भिंत काही कायम टिकणारी नाही. जाहिरातीत १ लाख तास लिहितात, तो आकडा एलईडीचा तेज निम्म्यावर येईपर्यंतचा, तेही प्रयोगशाळेतल्या आदर्श परिस्थितीत. त्याच्या खूप आधी पॉवर सप्लाय आणि पंखे जातात, नंतर त्या मॉडेलची मॉड्यूल मिळेनाशी होतात. आठ वर्षांनी बदलायची धरली तर फ्लॅटमागे महिन्याला आणखी १४३ रुपये बाजूला टाकायला हवेत. एकूण ३४७ रुपये. तुमच्या फोनच्या २८ दिवसांच्या चांगल्या रिचार्जएवढे.

तीनशे-साडेतीनशेत काय एवढं, असं आमच्या ग्रुपवरही कोणीतरी म्हणालं. नोकरी करणाऱ्याला काही नाही. पण जुन्या बिल्डिंगमध्ये मेंटेनन्स ९०० रुपये होता. लिफ्ट, पंप, जनरेटर, सिक्युरिटी धरून टॉवरचा मेंटेनन्स साडेसहा-सात हजारांवर जाणार. आमच्या ४४ जुन्या सभासदांपैकी निदान दहा घरांत फक्त पेन्शन येते. तळमजल्यावरच्या आजींची तर तीही पतीची, निम्मी. वर एक कात्री आहेच: मेंटेनन्स दरमहा ७,५०० रुपयांच्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल, तर १८ टक्के जीएसटी लागतो. अशा कडेवर उभ्या असलेल्या सोसायटीत साडेतीनशे रुपये शेवटची काडी ठरू शकतात.

काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून एजन्सी पुढे येते: भिंत आम्ही लावतो, वीजही देतो, जाहिराती आमच्या. ऐकायला छान वाटतं. पण मग आपल्याच दारात शिरताना रोज प्लास्टिक सर्जरीची आणि कर्जाची जाहिरात बघायची. शिवाय अशा स्क्रीनवर छोटा कॅमेरा असू शकतो. किती जण थांबले, किती वेळ बघितलं, अंदाजे वय काय, हे मोजणारी सॉफ्टवेअर बाजारात आहेत. चेहरा साठवत नाही, फक्त मोजतो, असं सांगतात. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तेव्हा करारात कॅमेरा नाही हे स्पष्ट लिहून घ्या. घराचं प्रवेशद्वार आणि मॉल यात फरक आहे.

भिंतीची किल्ली कोणाकडे?

भिंतीच्या मागे एक कंट्रोलर असतो. कॉम्प्युटरवरून किंवा त्याच्यातल्या मेमरीवरून चित्र घेऊन तो सगळ्या मॉड्यूलना वाटतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये स्वतःचं वायफाय असतं, फोनवरून व्हिडिओ चढवायला. बसवणारा माणूस कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवून जातो. तो पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, मॅन्युअल इंटरनेटवर असतं. पुढचं सांगायला नको.

हे कल्पनेतलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीच्या राजीव चौक मेट्रो स्टेशनवरच्या स्क्रीनवर अश्लील क्लिप चालली. मार्च २०२३ मध्ये पाटणा जंक्शनवर तेच, प्लॅटफॉर्मवर बायका-मुलं उभी असताना. ऑगस्ट २०२२ मध्ये नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या तेव्हा तिथल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांमधल्या स्क्रीनवर त्यांच्याविरुद्धचा मजकूर झळकला. प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असेल, पण प्रश्न एकच: स्क्रीनवर काय जातंय याची जबाबदारी नक्की कोणाची? आमच्या लॉबीत असं झालं तर पोलिसांत कोण जाणार, सेक्रेटरी काका की विक्रेता? कागदावर कुठेच नव्हतं.

आणि आग. डिझाइनचा नकाशा मी आर्किटेक्टकडून मागवला. भिंत जिथे दाखवली होती, नेमकी तिच्या डाव्या चार फुटांमागे आगीच्या वेळी लागणारी होज रीलची पेटी येत होती! कोणी मुद्दाम केलं नव्हतं, इंटीरियरवाल्याने आगीचा नकाशा उघडूनच बघितला नव्हता. वजनाचंही तसंच. कॅबिनेट आणि चौकट मिळून तीन-साडेतीनशे किलो होतात आणि ते चार इंची ब्लॉकच्या भिंतीवर टांगायचं होतं, आरसीसीवर नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पडून १७ जण गेले. त्यानंतर रस्त्यावरच्या फलकांच्या मजबुतीचा विषय निदान निघतो तरी. लॉबीतल्या आमच्या भिंतीला स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागेल हे बिल्डरच्या ऑफिसात कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग कोणाला शोभते?

भिंत मुळातच वाईट, असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये कॉमकास्ट सेंटर नावाची इमारत आहे. तिच्या लॉबीत २००८ साली साधारण २,००० चौरस फुटांची एलईडी भिंत लावली, पिच ४ मिलीमीटर. आजच्या हिशोबाने जाडाभरडाच. पण ती कायम पळत नाही. बराच वेळ ती शेजारच्या लाकडी तक्तपोशीसारखी हुबेहूब दिसते आणि मधूनच त्या लाकडातून माणसं, घड्याळं, शहर बाहेर येतं. नाताळात तिथे मोफत शो असतो, तो बघायला लोक मुलाबाळांना घेऊन येतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सेल्सफोर्सच्या लॉबीतली शंभर फुटांहून लांब भिंत धबधबा होऊन गाजली.

दोन्ही ठिकाणी लॉबी मोठी आहे, लोक लांबून बघतात आणि मुख्य म्हणजे काय दाखवायचं हे ठरवणारी, ते बनवणारी पगारी माणसं आहेत. भिंतीचा खर्च एकदाचा, चित्राचा खर्च कायमचा. आमच्याकडे चित्राचं खातं शून्य रुपयांचं होतं. म्हणजे देवमाशाची तीच चाळीस सेकंदांची क्लिप. सोळा तासांत ती १,४४० वेळा फिरते. वॉचमन खुर्ची का फिरवतो ते कळलं असेल.

गेल्या रविवारी सभा झाली, भाड्याच्या जागेत, एका क्लासच्या हॉलमध्ये. मी हिशोबाचा कागद वाटला. तरुण मंडळी थोडी नाराज झाली, माझा भाऊ तर दोन दिवस बोलला नाही. एक काका म्हणाले, ‘फुकट मिळतंय ते नाही म्हणायचं का?’ त्यावर तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, ‘आपल्या नावांची लाकडी पाटी कुठे लागणार मग?’ बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘आजी, नावंही स्क्रीनवरच येतील.’ आजी म्हणाल्या, ‘आणि लाइट गेली की?’ जनरेटरवर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे आहेत. भिंत नाही.

शेवटी ठरलं ते असं. नावांची पाटी आणि साधा नोटीस बोर्ड राहणार. होज रीलची पेटी उघडी राहणार. भिंतीच्या जागी वायरिंग आणि आरसीसीला धरलेली चौकट बिल्डरने आताच करून द्यायची, पण भिंतीऐवजी त्याच किमतीत दुसऱ्या लिफ्टला वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं यंत्र आणि दाराशी रॅम्प मागायचा. उरलेल्या पैशात एक ७५ इंची व्यावसायिक डिस्प्ले चालेल. तो फोरके असतो, म्हणजे ८३ लाख पिक्सेल, भिंतीच्या पाचपटीहून जास्त, आणि मराठी नोटीस दोन मीटरवरून व्यवस्थित वाचता येते.

बिल्डर अजून हो म्हणालेला नाही. त्याचं म्हणणं, नव्या फ्लॅटच्या ग्राहकांना ब्रोशरमध्ये भिंत दाखवून झाली आहे. हा मुद्दा खोटा नाही, त्यांच्याशी झालेल्या विक्री करारात ती असेल तर त्यांना ती मागायचा हक्क आहे. आम्हा जुन्या सभासदांचा कागद वेगळा, डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट, आणि त्यात भिंतीचा उल्लेखच नाही. तुमच्याकडे असं काही चालू असेल तर आधी हे दोन कागद शेजारी ठेवून वाचा. रेरा कायद्यात पझेशननंतर पाच वर्षं दोष दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरवर आहे, पण विक्रेत्याने आम्हाला दिलेली भिंतीची वॉरंटी दोन वर्षांचीच आहे. मधल्या तीन वर्षांत मॉड्यूल गेलं तर कोण भरणार, हे लेखी मागा.

मी बिल्डरच्या इंजिनिअरला सात प्रश्न मेल केले आहेत: पिच, रिफ्रेश रेट, एसएमडी की सीओबी, त्याच बॅचची जास्तीची मॉड्यूल, कंट्रोलरचा पासवर्ड कोणाकडे, स्ट्रक्चरल सही, आणि बिघडलेल्या पिक्सेलची मर्यादा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण दहा हजारांत एक पिक्सेल बंद असणं हे या धंद्यात सर्रास चालवून घेतात, म्हणजे आमच्या भिंतीत पहिल्याच दिवशी १४७ ठिपके काळे असले तरी तक्रार करता येणार नाही. तीन उत्तरं आली आहेत. रिफ्रेश रेटच्या पुढे ‘विल चेक’ लिहिलंय. पुढची सभा महिनाअखेरीला आहे, बाकीची उत्तरं आली की इथेच अपडेट करतो.